नॉटिंगहॅम : सायकलींच्या कारखान्याच्या जागीं

विलायतेंतील एखाद्या शहराविषयीं लिहावयाचें म्हणजे लेखकानें वाचकांस आधीं किल्ला, मग प्रार्थनामंदिर आणि शेवटीं संग्रहालय अशा क्रमानें फिरवून आणावें, असा एक रिवाज पडून गेला आहे. नॉटिंगहॅम शहरीं या तिन्ही गोष्टी आहेत. रॉबिन हूडच्या कथांमुळें त्या शहराचें नांव शाळेंतच आपल्या कानांवर पडलेलें असतें. वालुकाश्माच्या कड्यावर किल्ला आहे, त्या खडकाच्या पोटांत शेंकडों गुहा आहेत, आणि भर चौकांत घुमटाचें कौन्सिल हाउस असून त्याच्या दाराशीं दोन दगडी सिंह बसलेले आहेत. हें सर्व मीं पाहिलें, आणि तें पाहण्यासारखें आहे. परंतु प्रस्तुत लेख त्याविषयीं नाहीं. २०१८ सालच्या जून महिन्यांत तीन आठवडे माझा मुक्काम तेथें पुतणीकडे होता. त्यांतील एक संबंध दुपार मीं तिच्या घरामागील लहानशा अंगणांत हातांत पाना घेऊन उकिडवें बसून घालविली. त्या दुपारची ही हकीकत आहे.

माझ्या धाकट्या भावाची ही मुलगी तेथील विद्यापीठांत संशोधनाचें काम करीत होती. तिचें बिऱ्हाड कॅनिंग सर्कस नांवाच्या चौकाजवळ, म्हणजे शहरांतील एका उंचवट्यावर होतें. तेथून इल्केस्टन रोड हा रस्ता पश्चिमेकडे उतरत जातो, आणि उतार संपून थोडें पुढें गेलें कीं विद्यापीठाचा ज्युबिली कॅम्पस लागतो. सकाळीं जातांना सायकल आपोआप पळे. संध्याकाळीं तोच उतार चढ होऊन समोर उभा राही. सायकल तिनें जुन्या बाजारांत घेतलेली. काळी, जनानी बांधणीची रॅले. मागील चाकाच्या हबवर ‘स्टर्मी-आर्चर’ हीं अक्षरें, त्यांच्या जोडीला ‘ए डब्ल्यू’ आणि ६२ हा आंकडा. जाणत्यास हा आंकडा म्हणजे हबची जन्मपत्रिकाच होय. तें १९६२ सालीं तयार झालें असा त्याचा अर्थ. सायकल मालकिणीहून सुमारें अठ्ठावीस वर्षांनीं वडील होती.

तिच्या गिअरची तार मुठीजवळच्या खटक्यांत तुटली होती. तार तुटली म्हणजे या जातीचें हब तिसऱ्या, अर्थात् सर्वांत जड गिअरांत जाऊन बसतें. त्यामुळें गेले दोन आठवडे मुलीची सकाळ सुखाची आणि संध्याकाळ सायकल ढकलण्याची झाली होती. मी पोंचल्याच्या दुसऱ्याच दिवशीं चहा पितांना ती म्हणाली, “काका, तुम्हीच ती तार बसवून द्या ना. बाबा म्हणाले, तीन गिअरच्या सायकलीचें कांहीं असेल तर काकांना विचार, त्यांच्याइतकें तें कोणाला समजत नाहीं.”

“बाबा असें म्हणाले?” मीं विचारलें.

“अगदीं असेंच म्हणाले.”

मीं हातांतील पेला खालीं ठेवला. असें कां, तें पुढें सांगतों.

तार आणण्यासाठीं आम्ही दोघें पायींच तो उतार उतरलों. या उताराच्या दोन टोकांत एका उद्योगाचा सारा इतिहास मावला आहे. वरच्या टोंकास, पुतणीच्या घरापासून हांकेच्या अंतरावर, रॅले स्ट्रीट नांवाची एक साधी गल्ली आहे. तेथें एका लहान कारखान्यांत सायकली होत असत. हाँगकाँगमध्यें पैसा मिळवून आणि प्रकृति गमावून परत आलेल्या फ्रँक बाउडन नांवाच्या गृहस्थास डॉक्टरांनीं सायकल चालविण्याचा सल्ला दिला. प्रकृति सुधारली, आणि ज्या कारखान्याची सायकल त्यांना आवडली होती तो कारखानाच त्यांनीं १८८७ सालीं हातीं घेतला. पुढील वर्षाच्या अखेरीस कंपनी स्थापन झाली, आणि गल्लीचें नांव सायकलीला मिळालें. पुढें कारखाना उताराच्या पायथ्याशीं, लेंटन भागांत गेला आणि वाढत वाढत एक लहानसें गांवच झाला. १९५० नंतरच्या दशकांत तेथें सात-आठ हजार माणसें कामास होतीं. ॲलन सिलिटो हा कादंबरीकार पोरवयांत याच कारखान्यांत राबला. १९५८ सालच्या त्याच्या गाजलेल्या कादंबरीचा नायक सायकलींच्या कारखान्यांत लेथवर काम करतो, आणि तिच्यावरून निघालेल्या बोलपटाचें कांहीं चित्रण प्रत्यक्ष येथेंच झालें. रॅले, प्लेअर्सच्या सिगारेटी आणि बूट्सचीं औषधें या तीन धंद्यांवर या शहरांतील किती चुली पेटत असतील याची मोजदाद करणें कठीण.

आज त्या कारखान्याची जागा शोधावी तर तेथें तळें लागतें. १९९९ सालीं त्या जमिनीच्या एका भागावर विद्यापीठाचा हा नवा कॅम्पस उघडला. तळ्याच्या मधोमध वर्तुळाकार ग्रंथालय आहे. त्याची जमीन मजल्यामजल्यांनीं न चढतां गोगलगाईच्या शंखाप्रमाणें वळत वर जाते. पलीकडे तांबड्या-नारिंगी पोलादी जाळीचा साठ मीटर उंचीचा एक मनोरा होता, तो कशासाठीं आहे असें मीं विचारलें तेव्हां पुतणी म्हणाली, “शोभेसाठीं.” साठ मीटर शोभा मला अंमळ जास्त वाटली, परंतु तळें मात्र मला मनापासून आवडलें. जेथें चोवीस तास यंत्रांची घरघर चाले तेथें बदकें पोहत होतीं, आणि चिनी, नायजेरियन, मराठी अशीं सर्व देशांचीं पोरें गवतावर बसून डबे खात होतीं. लेंटन बुलेव्हार्डवर कंपनीची जुनी कचेरी तेवढी उभी आहे. कौन्सिल हाउस बांधणाऱ्या हाउइट नांवाच्या वास्तुशिल्पकाराचीच ती कृति. तिच्या दर्शनी भागीं गुबगुबीत बालकें सायकली बनविण्याच्या उद्योगांत गुंतलेलीं कोरलीं आहेत. ज्या कारखान्यांत सात-आठ हजार माणसांनीं घाम गाळला त्याची आठवण म्हणून पंखवाल्या बाळांचें चित्र उरावें, ही मौज आहे.

गिअरचें हब करणारी स्टर्मी-आर्चर कंपनी २००० सालीं बुडाली आणि तिचें नांव व यंत्रसामुग्री तैवानच्या सनरेस कंपनीनें विकत घेतली. २००२ च्या अखेरीस नॉटिंगहॅममध्यें सायकली जुळविण्याचें कामहि थांबलें, आणि रॅलेची कचेरी डी. एच. लॉरेन्सच्या जन्मगांवीं, ईस्टवुड येथें गेली. हा इतिहास ठाऊक असल्यामुळें, दुकानांत गेल्यावर तेथील तरुणानें तारेचें जें पाकीट समोर ठेवलें तें मीं उलटून पाहिलें. वर स्टर्मी-आर्चरचें नांव, खालीं ‘तैवानमध्यें तयार केलेलें’. जेथें ही वस्तु जन्मली त्या जागेपासून अर्ध्या मैलावर ती अर्ध्या पृथ्वीची प्रदक्षिणा करून विकावयास आली होती. पुतणीला याचें वाईट वाटलें. मला वाटलें नाहीं. १९६२ सालच्या हबला २०१८ सालीं नवी तार मिळते, आणि ती बरोबर बसते, हें मला थोडें वाटलें नाहीं.

आतां हें हब म्हणजे काय तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे, नाहींतर तारेचें महत्त्व ध्यानांत यावयाचें नाहीं. बैलगाडीच्या चाकाला जसा तुंबा, तसें सायकलीला हब. हल्लींच्या सायकलींच्या मागील चाकाशीं दांतेरी चकत्यांची उतरंड दिसते व सांखळी एकीवरून दुसरीवर उडी मारते. या हबांत तसें बाहेर कांहींच दिसत नाहीं, सर्व संसार पोटांत. आंत आंसावर वीस दातांचें एक चक्र पक्कें बसविलेलें असतें, तें फिरत नाहीं. त्याला सूर्यचक्र म्हणतात. त्याच्या भोंवतीं वीस वीस दातांचीं चार ग्रहचक्रें फिरतात, आणि त्या सर्वांना वेढणारें, आंतल्या बाजूस साठ दात असलेलें एक कडें असतें. सांखळीची ओढ ग्रहांच्या चौकटीस दिली कीं कडें अधिक वेगानें फिरतें, आणि ओढीचा एक फेरा होतो तेवढ्यांत चाक एक फेरा व वर एक तृतीयांश फिरतें. हा तिसरा गिअर. ओढ कड्यास देऊन चाकहि कड्याबरोबरच फिरूं दिलें तर एकास एक, हा दुसरा. आणि कड्यास ओढ देऊन चाकाचें काम ग्रहांच्या चौकटीवर सोंपविलें कीं एका फेऱ्यास चाक पाऊणच फेरा जातें. हा पहिला, चढाचा. कोणास ओढ द्यावयाची तें आंतील एक सरकतें फुलीच्या आकाराचें जोड ठरवितें, आणि त्या जोडाला जागेवर ओढून धरते ती आपली तार. तार सैल, तर तिसरा. अर्धी ओढली, तर दुसरा. पूर्ण ओढली, तर पहिला.

१९०२ साली या तऱ्हेच्या हबचें पेटंट घेतलें गेलें तें जेम्स आर्चरच्या नांवानें. हेन्री स्टर्मी हा सायकलींवरील नियतकालिकाचा संपादकहि त्या उद्योगांत होता. परंतु या विषयाचे अभ्यासक सांगतात कीं मूळ डोकें विल्यम रायली नांवाच्या एका तिसऱ्याच माणसाचें. त्यानें आपले पुढील शोधहि आधींच्या मालकांस करारानें लिहून दिले असल्यामुळें त्याचें नांव मागें राहिलें. जातां जातां आणखी एक: वेष्टणांतून सरकणाऱ्या या तारेला बाउडन केबल म्हणतात, तो बाउडन १८९६ सालीं तिचें पेटंट घेणारा अर्नेस्ट बाउडन, आमच्या रॅलेवाल्या फ्रँक बाउडनशीं त्याची गल्लत पुष्कळजण करतात.

या यंत्रांत एक खोड आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्यें तें सरकतें जोड ना कड्यांत ना ग्रहांच्या चौकटींत, असें क्षणभर अधांतरीं असतें. त्या जागीं पायडलला कोणताहि आधार नसतो. तार जितकी ओढलेली हवी त्याहून किंचित् सैल राहिली, तर स्वार दुसऱ्या गिअरांत आहें असें समजून पायडलवर सर्व भार टाकतो, आणि पायाखालून जिन्याची पायरी नाहींशी व्हावी तसें होतें.

हें मला पुस्तकांतून समजलेलें नाहीं. सदाशिव पेठेंतील आमच्या वाड्यांत वडिलांची एक रॅले होती. खडकीच्या छावणींतील एका अधिकाऱ्याकडून त्यांनीं ती जुनी विकत घेतली होती. तिला हेंच हब होतें, आणि साऱ्या वाड्यांत तिचा केवढा मान! पुण्यास त्या काळीं सायकली म्हणजे पावलोपावलीं. परंतु तीन गिअरची सायकल आमच्या आळींत एकच. १९६५ सालीं तिची तार तुटली. मी सतरा वर्षांचा होतों, आणि त्या वयांत माणसाला सर्व येतें. नवी तार मीं बसविली, गिअर पडतात हें अंगणांत फिरून पाहिलें, आणि दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे भाऊ कात्रजला निघालों. मी भाड्याच्या सायकलीवर आणि धाकटा, हट्ट धरून, वडिलांच्या. तळ्याच्या पुढें घाटाचा चढ लागला तेव्हां तो पायडलवर उभा राहिला. पायाखालचें पायडल एकाएकीं रिकामें फिरलें, तो पुढें हॅंडलवर आदळला आणि तेथून दगडांवर. उजवें मनगट मोडलें. हाड बसलें, परंतु मनगट पुढें कधींच पुरें वळलें नाहीं. तबला शिकत होता, तो सुटला.

त्या रात्रीं इस्पितळांतून आल्यावर सदरा काढतांना माझ्या खिशांतून एक चिमुकला नट खालीं पडला. तारेच्या शेवटीं जी आट्यांची नळी असते तिला जागेवर जखडणारा तो लॉकनट. तार बसवितांना मीं तो खिशांत टाकला होता आणि विसरलों होतों. त्याच्यावांचून नळी रस्त्याच्या हादऱ्यांनीं थोडथोडी उलगडत गेली आणि तार सैल पडली. मीं तो नट वाड्याच्या आडांत टाकला. वडिलांनीं विचारलें तेव्हां भाऊ म्हणाला, “गिअर आपोआप निसटला.” मी कांहींच बोललों नाहीं, आणि पुढें त्रेपन्न वर्षें बोललों नाहीं.

असो. अंगणांत सायकल उभी केली. खटक्याच्या पोटांत तारेचें बोंड अडकविणें, वेष्टण दांडीवरील पट्ट्याच्या खोबणींत बसविणें, उघडी तार कप्पीवरून घेऊन मागील चाकापाशीं आणणें, हें काम पांच मिनिटांचें. पट्ट्याचा स्क्रू मात्र नीट आवळावा. पट्टा दांडीवरून घसरला तर पुढची सर्व मेहनत फुकट. खरें काम चाकाच्या उजव्या बाजूस. तेथें आंस पोकळ असतो, त्याच्यांतून एक कांडी बाहेर येते आणि तिच्या टोंकाला तीन-चार कड्यांची चिमणी सांखळी असते. ही कांडी आंत पूर्ण फिरवून घ्यावी, आणि मग सांखळी तारेच्या रोखानें सरळ येईल इतकीच, फार तर अर्धा फेरा, उलटी फिरवावी. पुष्कळजण ती अर्धवटच आंत ठेवतात. मग तारेची नळी सांखळीच्या आट्यांवर चढवावी.

आतां किती चढवावी? सतराव्या वर्षीं मीं अंदाजानें चढविली होती. वास्तविक अंदाजाची गरजच नाहीं, कारण हब करणारांनीं उजव्या नटाला एक लहानसें भोंक ठेवलेलें असतें, आणि तें शोभेसाठीं नाहीं. खटका दुसऱ्या गिअरवर ठेवावा, पायडल थोडें फिरवावें म्हणजे आंतलें जोड जागीं बसतें, आणि मग त्या भोंकांतून पाहावें. कांडी जेथें संपते व सांखळी सुरू होते तो खांदा आंसाच्या टोंकाशीं बरोबर एका पातळींत दिसला पाहिजे. खांदा आंत राहिला तर तार सैल. बाहेर आला तर ताठ. नळी एकेक आटा फिरवावी आणि पुन्हां पाहावें.

मीं वाचण्याचा चष्मा लांबच्या चष्म्यावर चढविला, पुतणीला विजेरी धरावयास सांगितली, आणि पाहिलें. खांदा केसभर आंत होता. एक आटा. पुन्हां पाहिलें. आणखी अर्धा.

“काका, झालें कीं! बरोबर आहे,” ती म्हणाली.

“थांब. खटका पहिल्यावर ने, मग तिसऱ्यावर, आणि पुन्हां दुसऱ्यावर आण.”

तिनें तसें केलें. खांदा जागच्या जागीं परत आला. मग मीं लॉकनट नळीपर्यंत फिरवीत आणला आणि पान्यानें आवळला. तो आवळल्यावर पुन्हां एकदां भोंकांतून पाहिलें, कारण आवळतांना नळी हलण्याचा संभव असतो. हबवरील झांकण उघडून तेलाचे थेंब सोडले. महिन्याकांठीं एवढें केलें तर हें हब माणसाच्या आयुष्याला पुरतें. ग्रीज कोंबूं नये, आंतल्या बारीक कुत्र्या चिकटून बसतात.

सायकल तिच्या हातीं देण्यापूर्वीं मीं स्वतः ती रस्त्यावर नेली. सत्तर वर्षांचा गृहस्थ जनानी सायकलीवर इल्केस्टन रोडच्या चढावर पायडलवर उभा राहिलेला पाहून बसच्या थांब्यावरील माणसांना काय वाटलें असेल तें असो. पहिल्या गिअरांत हब अगदीं मुकें चालतें. दुसऱ्यांत आणि तिसऱ्यांत कट्कट् असा बारीक आवाज येतो. दुसऱ्यांत घातलें, आवाज सुरू झाला, तेव्हां सर्व भार आधीं डाव्या पायावर टाकला, मग उजव्या, पंधरा-वीस वेळां. पायडल निसटलें नाहीं. माझा दम मात्र निसटला, आणि उरलेला चढ मीं सायकल हातीं धरून चढलों.

संध्याकाळचे पांच वाजले होते, म्हणजे पुण्यास साडेनऊ. भाऊ जेवून बसला असणार म्हणून मीं फोन लावला. तळें, बदकें, तैवानचें पाकीट, सर्व सांगून झालें. मग मीं म्हणालों, “कात्रजच्या वेळीं लॉकनट माझ्या खिशांत राहिला होता. मीं तो आडांत टाकला.”

तो थोडा वेळ कांहीं बोलला नाहीं. मागें त्यांच्या घरांत भांड्यांचा आवाज येत होता.

“दादा,” तो म्हणाला, “पोरीचा आवळलास ना?”

“आवळला. दोनदां पाहिला.”

“मग झोपतों मी आतां,” असें म्हणून त्यानें फोन ठेवला.